चौदाव्या दिवशी कोण जाणार?

एका तालुक्याच्या गावी मसाले आणि चटण्यांचा लहान उद्योग चालवणाऱ्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या गावात चाळीसेक व्यावसायिकांचा गट आहे. दर गुरुवारी बैठक होते, एकमेकांना ग्राहक सुचवले जातात, व्हॉट्सॲपवर वाढदिवस साजरे होतात. तरीही गट एकाच पेठेतल्या, साधारण एकाच वयाच्या आणि बहुतांशी पुरुष व्यापाऱ्यांचा राहिला आहे. नवे लोक दोन-तीन बैठकांनंतर येईनासे होतात आणि कोणावर प्रसंग ओढवला तर गट नेमके काय करतो, हे कोणालाच सांगता येत नाही. अशा गटातून एकमेकांना धरून राहणारा, सर्वांना सामावून घेणारा समूह कसा उभा करावा, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, मी पंचवीस वर्षे सांगलीच्या बाजारात आहे. त्यातली बरीच वर्षे व्यापाऱ्यांच्या संघटनेचे चिटणीसपद आणि एका लहान पतसंस्थेचे संचालकपद सांभाळण्यात गेली. त्या अनुभवावरून सांगतो, तुमच्या गटात आपुलकीची उणीव असेल असे मला वाटत नाही. आपल्याकडच्या बाजारपेठेत आपुलकी भरपूर असते. ज्याच्याजवळ बाजारात पत नाही त्याच्यासाठी आपली पत वापरायची आणि कोणी कधी जायचे हे आधी ठरवून ठेवायचे, या दोन गोष्टी मात्र सहसा नसतात. माझे सारे उत्तर या दोन गोष्टींभोवती आहे.

पत वापरण्याची गोष्ट आधी घेतो, कारण सामावून घेणे म्हणजे बैठकीला बोलावणे, असा समज सर्वत्र दिसतो. बोलावल्याने खुर्ची मिळते, माल मिळत नाही. बाजारात नव्याने उभ्या राहणाऱ्या माणसाला सर्वांत जास्त गरज असते ती ठोक व्यापाऱ्याकडच्या उधारीची. आमच्याकडे तिला ‘बिल टू बिल’ म्हणतात. नवा माल येताना मागचे बिल चुकते करायचे, म्हणजे एक बिल कायम अंगावर राहते आणि तेवढ्या भांडवलावर दुकान चालते. ही उधारी कागदपत्रांवर मिळत नाही, ओळखीवर मिळते. ओळख असते घराण्याची, जातीची, गल्लीची, वडिलांच्या मैत्रीची. ज्याच्याजवळ यातले काहीच नाही, त्याच्या हाती व्हिजिटिंग कार्ड देऊन टाळ्या वाजवल्या तरी त्याला रोखीनेच माल उचलावा लागतो आणि सहा महिन्यांत तो थकतो.

एक प्रसंग सांगतो. आमच्या ओळखीतला एक स्टेशनरी दुकानदार हृदयविकाराने अचानक गेला. त्याच्या पत्नीने महिन्याभराने दुकान उघडले. वह्या-पेनांचा हंगाम तोंडावर आला होता. ज्या ठोक व्यापाऱ्याकडे नवऱ्याचे चौदा वर्षांचे खाते होते, त्याने अतिशय नम्रपणे सांगितले, ‘‘वहिनी, माल न्या की, पण आता रोखीने.’’ तो दुष्ट नव्हता. त्याच्या खतावणीत जे नाव होते, ते नाव धारण करणारा माणूस राहिला नव्हता, एवढेच. आमच्यातले एक वयस्कर किराणा व्यापारी तिच्याबरोबर त्या पेढीवर गेले. चहा झाला, पावसाच्या गप्पा झाल्या, मग त्यांनी खतावणी मागवली, नवऱ्याच्या खात्याखाली तिचे नाव लिहायला लावले आणि म्हणाले, ‘‘पंधरा हजारांपर्यंत चालू दे. वीस दिवसांत नाही आले तर मला फोन कर, हिला नको.’’ ठोक व्यापाऱ्याने दिवाणजीकडे पाहून मान हलवली. सारा व्यवहार अर्ध्या तासात झाला, कोणी भाषण केले नाही. फोन कधी करावा लागला नाही, आणि आज त्या बाई स्वतः दोन नव्या मुलींच्या खात्यांची जबाबदारी घेऊन बसल्या आहेत.

यातल्या दोन बारकाव्यांकडे लक्ष द्या. जबाबदारीला रकमेची मर्यादा होती आणि मुदतही होती. अमर्याद जामीनकी घेणारा माणूस एकदा पोळला की पुन्हा कोणासाठीच पुढे येत नाही. पतसंस्थेत असे जामीनदार मी कितीतरी पाहिले. दुसरे असे की, चूक झाली तर फोन जामीनदाराला जायचा होता, म्हणजे तिला वसुलीच्या भाषेला तोंड द्यावे लागणार नव्हते. तुमच्या चाळीस जणांपैकी दहा जणांनी जरी वर्षातून एकदा, एका व्यक्तीसाठी, ठरावीक रकमेपुरते असे केले, तरी गटाचा चेहरा बदलेल. समावेशाचे स्वतंत्र धोरण लिहून काढण्यापेक्षा मी या दहा जणांच्या मागे लागेन.

ही कल्पना माझी नाही, महाराष्ट्रात तिला जुना आणि भक्कम आधार आहे. मुंबईच्या गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायका महिनाभर कामगारांना उधारीवर जेवू घालत आणि स्वतः वाण्याकडून धान्य उधार आणत. दोन्हीकडच्या उधारीत त्या सावकाराच्या व्याजाखाली दबून जात. त्यांच्याजवळ बँकेला दाखवायला तारण नव्हते. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते या बायकांना एकमेकींच्या जबाबदारीवर बँकेचे कर्ज मिळावे म्हणून. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला चेतना सिन्हा यांनी महिलांची बँक काढायचे ठरवले, तेव्हा प्रवर्तक महिला निरक्षर आहेत या कारणावरून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. त्या बायका अक्षरे शिकल्या, पुन्हा गेल्या आणि व्याजाचा हिशेब कॅल्क्युलेटरशिवाय करून दाखवण्याची तयारी दाखवून आल्या. माणदेशी महिला सहकारी बँक १९९७ मध्ये सुरू झाली. पुण्यात कचरा वेचणाऱ्या महिलांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन केली, तेव्हा सुरुवातीच्या महत्त्वाच्या मागण्यांत ओळखपत्र होते. कचऱ्याच्या ढिगाजवळ दिसली म्हणून जिच्यावर चोरीचा संशय घेतला जायचा, तिच्या गळ्यात ओळखपत्र आले की शहराशी तिचे नाते बदलते. या तिन्ही ठिकाणी दयेने पोट भरण्याचा विचार नव्हता. बाजार, बँक आणि शहर यांच्या नोंदवहीत नाव चढावे, एवढीच धडपड होती.

आता ‘आपली माणसे’ या प्रश्नाकडे येतो. तुमचा गट एकाच आळीतल्या लोकांचा आहे, याचा तुम्हाला संकोच वाटतो असे पत्रावरून दिसते. मला तो तितका वाटत नाही. मुंबईत शिकायला, नोकरीला, बोटीवर जाणाऱ्या माणसांना गोव्याच्या गावांनी काढलेल्या कूडांनी, म्हणजे गावाच्या सामाईक वसतिगृहांनी, आसरा दिला. कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांची ग्रामस्थ मंडळे चाळीतल्या एका खोलीत दहा-वीस माणसांची झोपायची सोय करत. मुंबईच्या डबेवाल्यांची व्यवस्था १८९० पासून चालत आली आहे ती मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर अशा शेजारच्या तालुक्यांतल्या माणसांवर. आजारी पडलेल्या गड्याचा डबा दुसरा उचलतो, कारण दोघे एकाच देवाच्या जत्रेत भेटणार असतात. ही घट्ट वीण मोडून काही नवे विणायला जाऊ नका. अडचण होते ती वीण घट्ट असल्याने नव्हे, दार आतून लावून घेतल्याने. तेव्हा जुन्या गटाला हात न लावता त्याच्या कडेला दारे काढावीत.

दार म्हणजे काय ते आमच्या शेजारच्या मिरजेत पाहता येते. तिथले सतारमेकर पिढ्यान्‌पिढ्या तंतुवाद्ये घडवतात. प्रत्येक घराची कसबाची गुपिते वेगळी, गिऱ्हाईक एकच, त्यामुळे स्पर्धा आलीच. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण मानांकनाचा अर्ज एकट्या कारागिराला करता येत नाही, तो उत्पादकांच्या संस्थेला किंवा संघटनेला करावा लागतो. म्हणजे एकमेकांचे गिऱ्हाईक पळवणाऱ्यांना एका सतरंजीवर बसून कागद करावे लागतात. भाषणाने जे होत नाही ते अशा समाईक कामाने होते. तुमच्या गावात असे समाईक काम कोणते, हे शोधा. शेंगदाण्याची चटणी असेल, आठवडे बाजाराच्या ओट्यांचा प्रश्न असेल, बाजारपेठेत स्वच्छतागृह नसल्याचा असेल. स्वच्छतागृहाचा प्रश्न हाती घ्या, असे मी आवर्जून सुचवेन, कारण त्यावर भाजीवाली आणि सराफ पेढीवर काम करणारी मुलगी पहिल्याच बैठकीत एका बाजूला येतील.

नवे लोक का टिकत नाहीत, याची कारणे बहुधा फार क्षुल्लक असतात आणि म्हणूनच ती कोणी सांगत नाही. आमची बैठक कित्येक वर्षे एका हॉटेलच्या पहिल्या मजल्यावर होत असे. मोबाइल दुरुस्ती करणारा एक तरुण सभासद झाला, चार वेळा आला आणि थांबला. ‘त्याला रस नाही’ असा निष्कर्ष आम्ही काढून टाकला. वर्षभराने मी त्याच्या दुकानात गेलो तेव्हा तो म्हणाला, ‘‘साहेब, तुमचा जिना मला दोन कुबड्यांनी चढता येतो, पण उतरताना लोक बघत थांबतात.’’ पुढच्या आठवड्यापासून आम्ही तळमजल्यावरच्या भोजनालयात बसू लागलो, भाडेही कमी लागले. या चुकीत चिटणीस म्हणून माझा वाटा सर्वांत मोठा होता, कारण तो येत नाही याची नोंद माझ्याच हजेरीपटात होती आणि मी एकदाही जाऊन विचारले नव्हते.

जिन्यासारखेच बैठकीच्या वेळेचे आहे. रात्री आठची बैठक म्हणजे ज्यांच्या घरी दुसरे कोणीतरी पोळ्या करते त्यांची बैठक. दुपारी अडीच ते चार ही वेळ बाजार सुस्त असतो तेव्हाची, आमच्याकडे ती चालली. वार्षिक वर्गणी एकरकमी मागितली की हातगाडीवाला परत जातो. तीच रक्कम दर आठवड्याला थोडी थोडी घेतली की तो इतरांपेक्षा नेमाने भरतो. संघटनेच्या कार्यक्रमाची सुरुवात कोणत्या पूजेने होते, जेवणात काय असते, बैठकीनंतर ‘बसायला’ कोण कुठे जाते आणि मोठे सौदे तिथेच ठरतात का, या गोष्टी कोणी लेखी मांडत नाही, पण नवा माणूस पहिल्या तासात ओळखतो. महिला सभासदांना अवेळी येणारे खाजगी संदेश हाही असाच न बोलला जाणारा विषय. त्यासाठी गटातल्या दोन महिलांची नावे आधीच जाहीर करून ठेवावीत. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या दुकानातल्या स्त्रीलाही कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, हे त्या दोघींना ठाऊक असले म्हणजे झाले.

आता चौदाव्या दिवसाचे सांगतो, कारण काळजी घेण्याची माझी सारी कल्पना त्यात आहे. सभासदाच्या घरी मृत्यू झाला की आपल्या गटावर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा पाऊस पडतो. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेले असते, चहाच्या कपांना उसंत नसते. तेरावे झाले, पाहुणे गेले, की चौदाव्या दिवशी सकाळी त्या घरातली बाई किंवा मुलगा दुकानाच्या किल्ल्या घेऊन एकटा बसलेला असतो. आम्ही नियम केला की चौदाव्या दिवशी दोघांनी जायचे आणि ते दोघे कोण, हे वर्षाच्या सुरुवातीलाच पेठेप्रमाणे ठरलेले असायचे. त्यांनी सांत्वन करत बसायचे नाही, कागद पाहायचे.

मालकी एकट्याची असेल तर काय होते, हे बहुतेक घरांना माहीत नसते. जीएसटीची नोंदणी मालकाच्या पॅनवर असते, ती मुलाच्या नावावर आपोआप जात नाही. वारसाला स्वतःच्या नावाने नवी नोंदणी घ्यावी लागते आणि शिल्लक असलेले इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर आधीच भरलेल्या कराची वजावट, आयटीसी-०२ या अर्जाने वळते करून घ्यावे लागते. एकल मालकीच्या चालू खात्यालाही नामनिर्देशन करता येते, पण ते केलेले असते फार थोड्यांचे, आणि नसेल तर खात्यातले पैसे ऐन गरजेच्या वेळी अडकतात. दुकानाचा भाडेकरार, वजनकाट्याच्या पडताळणीची तारीख, कर्जावर विमा उतरवलेला आहे का, हे सगळे एका बैठकीत पाहून होते. आणि सर्वांत मोलाचे म्हणजे बाजारातून यायची असलेली रक्कम. मयताची देणी मागायला माणसे दहाव्या दिवशी येतात. त्याला द्यायचे असलेल्यांना मात्र चमत्कारिक विस्मरण होते. ती यादी घेऊन गटातले दोन वजनदार व्यापारी फिरले की विस्मरण बरे होते, असा माझा अनुभव आहे. विधवेला एकरकमी मदतनिधी देण्यापेक्षा तिचे बाजारातले येणे वसूल करून देणे हे अधिक उपयोगाचे आणि अधिक मानाचे असते.

पैशाच्या बाजूने एक साधी योजना आम्ही चालवली. आमच्या भिशीत दर महिन्याला चिठ्ठी निघते. वर्षातले दोन महिने चिठ्ठी न काढता, ज्याला अडचण असेल त्याने भिशी उचलायची, असे ठरवले. अडचण काय ते सर्वांसमोर सांगायची सक्ती नाही, तिघांच्या समितीला सांगितले की पुरे. पहिल्या वर्षी कोणीच मागितली नाही, लाज आड आली. मग आमच्यातल्या एका खाऊनपिऊन सुखी कापड व्यापाऱ्याने मुलीच्या प्रवेशासाठी म्हणून ती मागितली, मला वाटते मुद्दामच, आणि त्यानंतर लाज मोडली. भिशी लहान ठेवा. अशा भिशीला लागू होणारा चिट फंड्स कायदा १९८२ चा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकार ठरवेल त्या रकमेच्या आतल्या चिटलाच त्यातून सूट आहे. रक्कम त्यापुढे न्यायची असेल तर नोंदणीकृत पतसंस्थेचा रस्ता धरा. बचत गटांची पंचसूत्री तुम्हाला माहीत असेलच: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब. व्यापाऱ्यांच्या गटांना ही पाच कलमे बाळबोध वाटतात, पण आमच्या भागात जे गट बुडाले ते पाचव्या कलमावर बुडाले.

एक मोठी चूकही सांगायला हवी. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. गणपती पेठ, हरभट रोड, मारुती रोड पाण्याखाली होते. पाणी ओसरल्यावर आम्ही दुसऱ्याच दिवशी मदतीची यादी केली आणि तिचा आम्हाला अभिमान वाटत होता. दुकाने धुवायला माणसे, पंप, ताडपत्र्या, बाहेरगावच्या व्यापाऱ्यांकडून आलेला शिधा, सर्व काही त्या यादीप्रमाणे वाटले. यादी आम्ही काढली होती ती वर्गणीच्या पावतीपुस्तकावरून. ज्या हमालांनी पाणी चढत असताना रात्रभर आमची पोती माळ्यावर चढवली, त्यांच्यातले कोणीही पावतीपुस्तकात नव्हते आणि त्यांची घरे आमच्या दुकानांहून सखल भागात होती. चौथ्या दिवशी एक हमाल माझ्याकडे आला, मदत मागायला नव्हे, तर ‘‘पोती खाली कधी घ्यायची?’’ असे विचारायला. तेव्हा माझ्या लक्षात आले. त्यानंतर आमच्या वहीला दुसरा भाग जोडला. त्यात प्रत्येक दुकानाच्या पानावर त्या दुकानाचे हमाल, टेम्पोवाला, झाडू मारणारी बाई, समोरचा चहावाला यांची नावे आणि राहण्याची जागा लिहिलेली असते. २०२१ च्या पुरात ती वही उपयोगी पडली. तुमच्याकडे पूर येत नसेल, तरी ही वही करा, कारण ती लिहिताना प्रत्येक दुकानदाराला आपण कोणाचे आडनावसुद्धा विचारलेले नाही हे कळते.

गुरुवारच्या बैठकीत ‘मी तुला किती धंदा दिला’ याचा तक्ता वाचला जातो, असेही तुम्ही लिहिले आहे. तो तक्ता बंद करा असे मी म्हणणार नाही, कारण धंदा मिळत नसेल तर व्यापारी येणारच नाहीत आणि मग कोणी कोणाची काळजी घ्यायला उरणार नाही. मात्र मदतीचा हिशेब त्या तक्त्यात कधीही येऊ देऊ नका. आमच्याकडे एकदा कोणीतरी आजारपणातल्या मदतीचा उल्लेख ‘दिलेला धंदा’ म्हणून केला आणि ज्याला मदत मिळाली होती तो पुन्हा बैठकीला आला नाही.

सुरुवात करायची तर पुढच्या गुरुवारी एवढेच करा. गेल्या दोन वर्षांत येईनासे झालेल्यांची नावे हजेरीपटावरून काढा, प्रत्येक नावापुढे एका सभासदाचे नाव लिहा आणि त्याने त्या दुकानात जाऊन चहा पिऊन यावे असे ठरवा. परत या, असा आग्रह त्याने करायचा नाही. का थांबलात, एवढे विचारायचे आणि उत्तर मिळेपर्यंत बसायचे. पहिले उत्तर ‘वेळ नाही’ हेच असते. खरे उत्तर चहाचा कप खाली ठेवताना येते, तेव्हा कप अर्धा असतानाच उठू नका, असे सर्वांना बजावून पाठवा.